‘न’ आपटत नाही

९ मार्च

ताई,

पत्र बघून म्हणशील, आता ही कागदावर उतरली. काय करू? तुला फोन लावला की दोन रिंगांत कट होतो, आणि मेसेज तुझ्यापर्यंत पोचतच नाहीत. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, “साधं की रजिस्टर?” म्हटलं, साधं. रजिस्टरला सही लागते, आणि पाठवणारीचं नाव वाचून तू काही सही करणार नाहीस.

तुझा राग मला कळतो. तो व्हिडिओ आला त्या दिवशी तू मला फोन केलास. रडत नव्हतीस, एकेक शब्द जपून बोलत होतीस. “खारे, तू याच लाइनीत आहेस. कुणाला तरी सांग आणि हे काढायला लाव. तुझे भावोजी जेवत नाहीयेत.” मी म्हटलं, “बघते.” आणि मग तीन आठवडे मी काही बघितलं नाही, तुझे फोनही उचलले नाहीत. मला ताप होता. चांगला एकशेदोन.

ते अडतीस सेकंद आता कुणाचे पाहायचे राहिलेत? कारखान्याच्या पत्र्यातून निघणारा धूर, वॉकीटॉकीची खरखर, वॉचमनकाकांचा आवाज: “साहेब, मागचं दार उघडू का?” मग काळ्या पडद्यावर एकेक अक्षर येऊन बसतं. उघडू नका. आणि शेवटी बारीक पांढऱ्या अक्षरांत, दार चार मिनिटांनी उघडलं, तोवर एक कामगार बाई गेली होती. पिशव्यांना चेन लावणाऱ्या त्या मावशी. त्यांनीच ना आपल्या छोटीला दोन खणांचं दप्तर शिवून दिलं होतं?

भावोजी असं म्हणाले असतील यावर माझा विश्वास नाही. एवढंच सांगायला लिहितेय.

असे व्हिडिओ नेमके कोण बनवतं ते बाहेरच्याला कळत नाही गं. दहा हात लागतात. कुणी आवाज कापतं, कुणी चित्रं जोडतं, कुणी अक्षरं हलवतं. अक्षरं हलवणारे तर शेवटच्या पायरीवरचे. त्यांच्याकडे जे टाइप होऊन येतं ते त्यांनी हलवायचं. त्यांना काय विचारणार?

फोन उचल.

तुझी खार


१७ मार्च

ताई,

ताप नव्हता.

मागचं पत्र पेटीत पडलं आणि हात आत घालून ते परत काढावंसं वाटलं. माझं नाव खार तूच ठेवलंस, सगळं गालात कोंबते आणि तोंड मिटून बसते म्हणून. तर आता तोंड उघडते. ती अक्षरं मी हलवलीत.

व्हिडिओ केला त्या दिवशी सकाळी कॅप्टनचा फोन आला. कॅप्टन म्हणजे आमचा दिग्दर्शक, घरातसुद्धा टोपी घालून बसतो म्हणून हे नाव. सहा वर्षं मी त्याच्या व्हिडिओंवरची अक्षरं करते. म्हणाला, “अडतीस सेकंद आहेत. दुपारच्या आत हवेत. आणि या वेळी झोपाळू अक्षरं नकोत.” मागच्या दोन कामांना तो सगळ्यांसमोर झोपाळू म्हणाला होता. “एक नवीन मुलगी आलीय, तिच्या अक्षरांना दात असतात,” असंही म्हणाला होता. मी गेले आणि बसले.

आधी मजकूर आला, टाइप केलेला. त्यानंतर आवाज आला. हे नीट वाच ताई, आधी मजकूर आणि मग आवाज. मिक्सर चालू असताना कुणी म्हणालं, “ऐक, तुला हाक मारतायत,” की त्या घरघरीत आपल्याला आपलं नाव ऐकू येतं ना, तसं ते असतं. मी “उघडू नका” वाचलं होतं. कानाला हेडफोन लावला आणि मला “उघडू नका” ऐकू आलं. खोटं नाही सांगत.

माझं काम तू कधी पाहिलं नाहीस. आवाज पडद्यावर रेघेसारखा दिसतो, वरखाली होत जाणारी लाट. ज्या ठिकाणी लाट उठते त्या ठिकाणी मी अक्षर आणून बसवते. अक्षर डोलत यावं, सरकत यावं की आदळावं, ते मी ठरवते. बघणाऱ्याला वाटतं, माणूस बोलतोय म्हणून अक्षरं उमटतायत. तसं वाटलं की माझं काम जमलं.

आवाज मुद्दाम जाड केलेला होता, माणूस ओळखू येऊ नये म्हणून. मजकुरात नुसतं ‘अधिकारी’ होतं. कारखाना भावोजींचा हे मला माहीत होतं, पण तिथे चार सुपरवायझर आहेत. तो आवाज भावोजींचा आहे हे मला कळलं नाही.

तू फोन केलास तेव्हा कळलं, की त्या पाळीला वॉकीटॉकीवर भावोजीच होते आणि कारखान्यात ते सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

खार


२६ मार्च

ताई,

काल सकाळी मी तुझ्या घरापर्यंत आले होते. समोरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीमागे उभी राहिले, चोरासारखी. इस्त्रीवाला म्हणाला, “कपडे आहेत का?” म्हटलं, नाहीत. “मग सावली सोडा बाई, गिऱ्हाईक अडतंय.”

तुमच्या फाटकावर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर फक्त ‘उघडू नका’ हे दोन शब्द होते, लाल. माझी लाल अक्षरं. ताई, तो रंग मी तासभर बसून ठरवला होता. रक्तासारखा दिसू नये पण रक्त आठवावं, असा. ‘घ’चा पोटफुगा मी हाताने बारीक केला होता. कुणीतरी व्हिडिओ थांबवून त्याचा फोटो काढला होता आणि छापून आणून तुझ्या फाटकावर लावला होता.

भावोजी बाहेर आले. किती वाळलेत! त्यांनी कागद वाचला. फाडला नाही. ऑफिसात नोटीस वाचावी तसा पूर्ण वाचला, दोनच शब्द असून. मग फाटक उघडताना कागद दुमडू नये म्हणून कडी बाजूने धरली. मागून छोटी आली, दप्तर पाठीला. तिने नखांनी खरवडून तो काढला, चुरगाळून दप्तरात घातला आणि बाबांचं बोट धरलं. अकरा वर्षांची पोर बोट धरते का गं? ती त्यांना धरून नेत होती.

घरी येऊन मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.

मागच्या पत्रात मी तुला एक खोटं लिहिलं. आवाज मी ओळखला होता. दुसऱ्यांदाच ऐकताना. आवाज कितीही जाड करा, माणसाची लकब कुठे जाते? भावोजी प्रत्येक वाक्याआधी दोनदा “ऐका, ऐका” म्हणतात. छोटीला गणित शिकवतानाही “ऐका, ऐका” म्हणायचे आणि आपण दोघी स्वयंपाकघरात हसायचो. त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे ते. मी ते कापलं. कॅप्टनला म्हटलं, “सुरुवातीला नुसती खरखर आहे, काढू का?” तो म्हणाला, “काढ, काढ.” मी स्वतःला समजावलं की भावोजी ओळखू येऊ नयेत म्हणून मी हे करतेय, म्हणजे त्यांना वाचवतेच आहे.

मग मी उठून का आले नाही? मलाही तोच प्रश्न पडलाय. खुर्ची जाईल ही भीती होती, ती खरीच. पण आणखी एक आहे. तुमच्याकडे राहत होते त्या वर्षी भावोजींच्या मित्रांनी विचारलं होतं, मेहुणी काय करते? तेव्हा भावोजी म्हणाले होते, “काही नाही हो, अक्षरांना नाचवते.” सगळे हसले, तूही हसलीस. मीही हसले होते. त्या सकाळी त्यांचा आवाज माझ्या हातात आला आणि एक क्षण, ताई, एकच क्षण, मला बरं वाटलं.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.


३ एप्रिल

ताई,

आज सगळंच सांगते. यानंतर माझ्याकडे गालात ठेवायला काही उरणार नाही.

भावोजी “उघडू नका” म्हणाले नव्हते. ते “उघडून टाका” म्हणाले होते.

मोठ्याने म्हणून बघ दोन्ही. खरखरीत, घाईत, धूर खोकत म्हटलं तर दोन्ही जवळपास एकसारखे वाटतात. फरक एवढ्याशा जागेत आहे. ‘न’ दोन्हींत आहे, पण ‘उघडून टाका’त त्याच्यामागून ‘ट’ येतो. ‘न’ नाकातून येतो, त्याची लाट फुगत जाते, हळूच. ‘ट’ म्हणताना जीभ वर चिकटते, आवाज पार बंद होतो आणि मग एकदम फुटतो. पडद्यावर तो स्वच्छ दिसतो. आधी केसाएवढी रिकामी जागा, मग उभं टोक, सुईसारखं.

ती सुई मी पाहिली होती. त्याच दिवशी.

मी ‘न’ आणून त्या जागेवर बसवला तर तो बसेना. सरकवत आणला, आवाजाच्या मागे पडला. डोलवत आणला, हास्यास्पद दिसला. आवाज आदळत होता आणि माझं अक्षर तरंगत होतं. वीस मिनिटं मी त्याच्याशी झटले. मग मी ‘न’ वरून खाली आपटला, हातोड्यासारखा, आणि आपटताच सगळा शब्द लाल केला. एकदम जमलं. कॅप्टन मागे उभा होता. त्याने टोपी काढली. “हे बघा,” तो सगळ्यांना म्हणाला, “याला म्हणतात अक्षर. तो ‘न’ बघा कसा कानफटात बसतोय!”

ताई, ‘न’ आपटत नाही. सहा वर्षांत मी हजारो ‘न’ बसवलेत, एकही आपटला नव्हता. त्या क्षणी मला कळलं होतं. नंतर कळलं असं नाही. हात माउसवर होता तेव्हा कळलं होतं, आणि मागे टाळ्या वाजत होत्या.

आज सकाळी मी आमच्याकडच्या जुन्या साउंडवाल्या काकांकडे गेले. ते आता काम सोडून घरी असतात, गुडघ्याला पट्टा बांधून. त्यांना काही न सांगता, जाड करण्याआधीचा मूळ आवाज दिला; तोही त्या दिवशीच्या फोल्डरमध्ये होता. व्हिडिओ त्यांनी पाहिलेला नाही, ते फोन वापरतच नाहीत. डोळे मिटून एकदा ऐकलं आणि म्हणाले, “टाका. उघडून टाका. का गं? कुणी दुसरं म्हणतंय की काय?”

मी त्यांच्या पायरीवर बसून रडले. काकू पाणी घेऊन आल्या, त्यांना वाटलं गुडघ्याचं ऐकून रडतेय.

सोमवारी मी आगीची चौकशी करणाऱ्या समितीकडे जातेय. माझी मूळ फाइल आहे, कापलेलं “ऐका, ऐका” आहे, सगळं आहे. मी लिहून देणार आहे की मी हे केलं आणि समजून केलं. कॅप्टनला कालच सांगितलं. तो म्हणाला, “तू भावनेच्या भरात आहेस, दोन दिवस घरी बस.” म्हटलं, आता मी घरीच बसणार आहे, खुर्ची त्या नव्या मुलीला दे. आणि तिला सांग, आधी आवाज ऐकायचा, मजकूर नंतर वाचायचा.

तू मला क्षमा करावीस म्हणून हे लिहीत नाहीये. समितीच्या कागदांवरून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून.


२१ एप्रिल

ताई,

काल दुपारी भावोजी माझ्या खोलीवर आले होते. तुला सांगू नकोस म्हणाले. पण तुझ्यापासून काही लपवायचं मी सोडलंय, म्हणून सांगते.

तू माझी पत्रं न फोडता फ्रिजवरच्या टोपलीत टाकतेस आणि ते ती वाचतात, हे त्यांनीच सांगितलं. चारही वाचलीत. मी दार उघडलं तर तिसऱ्या पत्रातला तो ‘एक क्षण’ त्यांच्या चेहऱ्यावर दिसतोय असं मला वाटलं. पाया पडायला वाकले तर मागे सरकले. “राहू दे, राहू दे. बसायला काही आहे का?”

माझ्याकडे एकच खुर्ची, कामाची. ती त्यांना दिली. पाणी दिलं. त्यांनी माझं टेबल बघितलं. मग म्हणाले, “ऐका, ऐका,” आणि थांबले. मला अहोजाहो करत नाहीत ते कधी. सवयीने आलं तोंडातून. “मला ते ऐकव. अक्षरांशिवाय. मी ते तसं ऐकलेलंच नाही.”

मी पडदा बंद केला. मूळ आवाज लावला, ना जाड केलेला ना कापलेला. खरखर. “साहेब, मागचं दार उघडू का?” मग त्यांचाच आवाज, खोकत, “ऐका, ऐका…” आणि पुढचे ते शब्द.

“पुन्हा लाव.”

पुन्हा लावला. सात वेळा लावला. सातव्यांदा त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला, आणि अगदी शांतपणे म्हणाले, “मला ‘नका’च ऐकू येतंय गं.”

मी त्यांच्या मांडीवरचा हेडफोन उचलून टेबलावर ठेवला.

“मी टाका म्हणालो होतो. मला पक्कं आठवत होतं. पहिले आठ दिवस मी सगळ्यांना तेच सांगत होतो. मग सगळीकडे ते लाल अक्षर. आता डोळे मिटले तरी तेच येतं आणि माझ्याच तोंडून येतं. मी खरंच काय म्हणालो होतो?”

मी पडदा लावला. लाट मोठी करून ती रिकामी जागा दाखवली, तिच्या पुढची सुई दाखवली. म्हटलं, “हा ट आहे. नुसता न असता तर इथे टेकडीच असती. बघा, हा वॉचमनकाकांच्या ‘मागचं’मधला म, नाकातलाच आहे, त्याची टेकडी बघा. आणि ही तुमची सुई.” त्यांनी बोट लावलं तिथे, काचेवर. मुलाला ताप आहे का बघतात तसं.

“म्हणजे टाका.”

“टाका, भावोजी. उघडून टाका म्हणालात तुम्ही.”

जाताना दारात म्हणाले, “आणि ते नाचवते वगैरे मी म्हणालो होतो का खरंच? मला आठवत नाही. म्हणालो असेन.”

ताई, मी त्यांची नोकरी घालवली, नाव घालवलं, हे मला ठाऊक होतं. त्यांची आठवणसुद्धा मी बदलून टाकली, हे काल कळलं.


३० जून

ताई,

समितीच्या खोलीत तू माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होतीस. बोलली नाहीस, पण उठूनही गेली नाहीस. तेव्हा तिथे काय झालं ते तुला माहीत आहे. तरी मला ते लिहायचंय, कारण तिथे मी सगळा वेळ खाली मान घालून होते.

साउंडवाल्या काकांनी आवाज लावला. अध्यक्षबाईंनी पडदा बंद ठेवायला सांगितला होता. लावून झाल्यावर वॉचमनकाका उभे राहिले. म्हातारा माणूस, हातात टोपी. म्हणाले, “बाई, हे आज टाका वाटतंय. पण त्या दिवशी मला नकाच ऐकू आलं. देवाशपथ. मी किल्ली हातात धरून उभा होतो.” आणि हात जोडायला गेले तशी टोपी खाली पडली.

मला वाटलं, झालं. ज्या दगडाखालून भावोजींना काढलं, तोच दगड आता या म्हाताऱ्यावर.

तेव्हा भावोजी उठले. टोपी उचलून त्यांच्या हातात दिली. म्हणाले, “ऐका, ऐका. काका, तुम्हाला ऐकू आलं तेच तुम्ही केलंत. त्या वॉकीटॉकीचा आवाजच फुटत होता.” मग बाईंकडे वळून म्हणाले, “मी काय म्हणालो आणि यांना काय ऐकू आलं, यावर चार महिने गेले. पण दाराला कुलूप का होतं? यांना विचारावं का लागलं?”

ताई, ते कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. माझ्या त्या दोन शब्दांनी सगळ्यांचे डोळे असे धरून ठेवले की कुलपाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. आत माणसं काम करत असताना मागच्या दाराला कुलूप, आणि परवानगीशिवाय उघडायचं नाही असा मालकांच्या सहीचा कागद. तो ऑफिसातल्या फाइलीत पहिल्या दिवसापासून होता.

आता मालकांवर खटला आहे. वॉचमनकाकांवर काही नाही. भावोजी निर्दोष, तसं पत्र आलं. माझं नाव अहवालात आहे, असायलाच हवं. “ध्वनीचा अर्थ बदलेल अशी अक्षररचना जाणूनबुजून केली.” एवढ्या सरळ वाक्यात मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

दुरुस्त केलेला व्हिडिओ मी केला, काळ्यावर साधी पांढरी अक्षरं, न हलणारी. पहिला लाखो लोकांनी पाहिला होता, हा चारेकशे जणांनी. चेनवाल्या मावशींच्या मुलीला मी पेन ड्राइव्हवर नेऊन दिला. ती म्हणाली, “यात आई परत येते का?” म्हटलं, नाही. “मग ठेवा तुमच्याकडेच.” आणि दार लावलं. मी ते बंद दार बघत उभी राहिले, मला तिचा राग आला नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे.

समितीतून बाहेर पडताना जिन्यात तू पहिल्यांदा बोललीस. “मी तुला माफ करेन की नाही, मला माहीत नाही. लगेच तर नाहीच.” मी मान हलवली. त्यावर काही मागायचा मला हक्क नाही. पण परवा तुझा मेसेज आला, चार महिन्यांनी पहिला: “हे रोज दुपारी कुणाला फोन करतात? विचारलं तर टाळतात.”

मला करतात, ताई.

जेवणाच्या सुट्टीत, रोज. नव्या ठिकाणी गोदामाच्या मागे बाक आहे म्हणतात, तिथे बसून करतात. हालहवाल विचारत नाहीत. मी हॅलो म्हटलं की आधी मागचा ट्रकचा आवाज येतो. मग विचारतात, “टाका म्हणालो होतो ना मी?”

मी म्हणते, “हो भावोजी. टाका म्हणाला होतात.”

“नक्की?”

“नक्की. मी बघितलंय.”

“बरं,” म्हणतात आणि ठेवतात. समितीचं पत्र त्यांच्या खिशात असतं, ते त्यांना पुरत नाही. तुझं सांगणंही पुरणार नाही, कारण तू त्यांची बायको आहेस, तू तसं म्हणणारच असं त्यांना वाटतं. त्यांना ते माझ्याकडूनच ऐकायचं असतं.

त्यांना अडवू नकोस. तू माझा फोन उचल किंवा उचलू नकोस, पत्र वाच किंवा टोपलीत टाक. पण दुपारी त्यांच्या हातातला फोन काढून घेऊ नकोस. ते ज्या दिवशी विचारायचे थांबतील त्या दिवसापर्यंत, आणि थांबलेच नाहीत तरी, मी रोज उचलणार आहे.

तुझी खार